अभिजात मोटारीतील रबर आणि लाकूड : जलरोधक पट्ट्या व अंतर्गत काष्ठसज्जा यांच्या जुळणीचा परस्परसंबंध

प्रस्तावना

जुन्या मोटारीच्या पुनरुज्जीवनाची चर्चा बहुधा इंजिन, रंगकाम आणि चकाकणारा क्रोम यांभोवती फिरते. दारांच्या व काचांच्या कडांना बसविलेल्या रबरी पट्ट्या, ज्यांना आपल्याकडील गॅरेजमध्ये सरसकट ‘बीडिंग’ असे म्हटले जाते, त्या किरकोळ सामानाच्या यादीत शेवटी येतात. आतील लाकूडकामाचे स्थान याच्या उलट असते. ते सर्वांच्या नजरेत भरते, त्याचे कौतुक होते, आणि म्हणूनच ते लवकरात लवकर चकचकीत करून गाडीत बसविण्याची घाई केली जाते. मोटारीत दुर्लक्षित राहणारी ही रबरी पट्टी आणि कौतुकाचा विषय असलेले हे लाकूड या दोन गोष्टी वस्तुतः एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत. पहिला भाग फसला की दुसरा नष्ट होतो. आणि रबर पुन्हा विकत मिळते, लाकूड मात्र तसेच्या तसे पुन्हा मिळत नाही. प्रस्तुत लेखात या दोन घटकांचे पदार्थविज्ञान, गाडीत शिरणाऱ्या पाण्याचे मार्ग आणि त्यांवरून ठरणारा जुळणीचा क्रम यांचे विवेचन केले आहे. विवेचनाला एक निश्चित आधार असावा म्हणून जॅग्वार मार्क टू ही इंग्लंडमधील मोटार उदाहरणादाखल घेतली आहे.

उदाहरणाची निवड

सर विल्यम लायन्स यांच्या जॅग्वार कंपनीने 1955 मध्ये स्वतंत्र सांगाडा नसलेली, म्हणजे सर्व भार पत्र्याच्या एकसंध कवचावर पेलणारी आपली पहिली लहान सलून गाडी बाजारात आणली. तिचीच सुधारित आवृत्ती असलेली मार्क टू ऑक्टोबर 1959 मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात दाखविण्यात आली. कॉव्हेंट्री येथील ब्राउन्स लेन कारखान्यात 1967 पर्यंत ती या नावाने तयार होत होती. पूर्वीच्या गाडीचे जाड खांब येथे सडपातळ करण्यात आले, दारांच्या काचांना क्रोमच्या बारीक चौकटी आल्या आणि काचेचे एकूण क्षेत्र लक्षणीय वाढले. गाडी देखणी झाली, आतून प्रकाशमान झाली. परंतु काचेचे क्षेत्र वाढणे म्हणजे काचेच्या कडांची लांबी वाढणे, आणि प्रत्येक कड ही पाण्याची संभाव्य वाट असते. पुढच्या दारांत फिरविता येणारी त्रिकोणी छोटी काच, मागच्या दारांतही उघडणारी लहान काच, अशा रचनेमुळे रबराच्या सांध्यांची संख्या आणखी वाढली.

याच गाडीच्या आत डॅशबोर्ड, हातमोज्यांच्या कप्प्याचे झाकण, पुढील काचेभोवतीच्या पट्ट्या, दारांच्या काचांखालच्या पट्ट्या आणि पुढच्या आसनांच्या पाठीला जोडलेली छोटी घडीची मेजे हे सर्व अक्रोडाच्या व्हिनियरने मढविलेले असे. म्हणजे जेथे रबर आहे, नेमके त्याच्या आतल्या अंगाला बोटभर अंतरावर लाकूड आहे. आपल्याकडील वाचकाला परिचित असलेल्या प्रीमियर पद्मिनीत रबर झिजले तर पाय भिजत, गालिच्याला कुबट वास येई आणि काही वर्षांनी तळाचा पत्रा गंजे. कुर्ल्याला बनलेल्या त्या गाडीत पाण्याने बिघडावे असे लाकूडच नव्हते. मार्क टूमध्ये तेच पाणी पत्रा गंजविण्याच्या कितीतरी आधी लाकडाचे रूप बिघडविते.

रबराचे वार्धक्य

चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये गंधक व उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया शोधली. या प्रक्रियेत रबराच्या लांब रेणुसाखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींशी जोडल्या जातात. त्यामुळे रबर उन्हाळ्यात चिकट होत नाही, थंडीत ठिसूळ होत नाही आणि दाबून सोडल्यावर मूळ आकारात परत येते. जलरोधक पट्टीचे सारे काम या शेवटच्या गुणावर चालते. दार लावल्यावर पट्टी दबते, आणि पूर्ववत होण्याच्या तिच्या धडपडीतून दाराच्या पत्र्यावर जो दाब पडतो तोच पाणी अडवितो. पट्टी ‘भरून काढणारी’ वस्तू नसून ‘ढकलणारी’ वस्तू आहे, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

नैसर्गिक रबराच्या मुख्य साखळीत कार्बनचे दुहेरी बंध शिल्लक राहतात. हवेतील ओझोन वायू नेमका त्यांवर हल्ला करतो. ताणलेल्या स्थितीतील रबरावर हा परिणाम विशेष वेगाने दिसतो आणि भेगा ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एखादी रबरी नळी काचेच्या नळीवर चढवून वर्षभर विसरली गेली, तर तिच्या टोकाशी दिसणाऱ्या भेगा याच जातीच्या असतात. 1960 च्या दशकाच्या प्रारंभी व्यापारी उत्पादनात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबराची मुख्य साखळी संपृक्त असते. दुहेरी बंध असतात ते केवळ बाजूच्या शाखांवर. त्यामुळे ऊन, ओझोन व पाणी यांना ते कितीतरी चांगले तोंड देते. आज जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या चांगल्या पट्ट्या बहुधा याच रबराच्या असतात.

तथापि ईपीडीएमचे दोन स्वभावदोष कारागिराला ठाऊक असावयास हवेत. पहिला असा की खनिज तेलाच्या संपर्कात ते फुगते. पट्टी सहज सरकावी म्हणून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली चोळण्याची सवय म्हणूनच घातक ठरते. साबणाचे पाणी किंवा सिलिकॉनयुक्त वंगण वापरणे इष्ट. दुसरा दोष असा की या रबराला सामान्य चिकटद्रव्ये नीट धरत नाहीत. त्यासाठी खास बनविलेले चिकटद्रव्य घ्यावे लागते आणि पट्टीच्या पृष्ठभागावरील कारखान्यातील पावडर आधी पुसून काढावी लागते. हे न केल्यास पहिल्या उन्हाळ्यातच पट्टी खोबणीतून लोंबू लागते, व दोष विनाकारण रबराच्या दर्जाला दिला जातो.

लाकडाची हालचाल

लाकूड तोडल्यानंतर निर्जीव होते, स्थिर होत नाही. भोवतालच्या हवेतील ओलाव्याशी त्याची देवाणघेवाण चालूच राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 6 टक्क्यांवर स्थिरावतो; आर्द्रता 65 टक्के असता तो 12 च्या आसपास आणि 90 टक्के असता 20 च्या आसपास जातो. या ओलाव्याबरोबर लाकूड फुगते व आकसते, पण सर्व दिशांनी सारखे नव्हे. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, फरक नगण्य असतो. वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने तो सर्वाधिक असतो. अमेरिकी काळ्या अक्रोडाचे पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरड्या अवस्थेपर्यंतचे आकुंचन स्पर्शरेषीय दिशेत 7.8 टक्के, तर त्रिज्येच्या दिशेत 5.5 टक्के मोजले गेले आहे.

या आकड्यांचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होईल. देशावरील चैत्र-वैशाखातील दुपारी लाकडातील ओलावा 6 टक्क्यांपर्यंत उतरला आणि श्रावणात तो 18 टक्क्यांपर्यंत चढला, तर 10 सेंटिमीटर रुंदीची अक्रोडाची मोकळी फळी रुंदीत सुमारे 3 मिलिमीटर वाढेल. व्हिनियरला मात्र असे मोकळे वाढता येत नाही, कारण ते खालच्या प्लायवुडला किंवा घन लाकडाला चिकटविलेले असते. जी हालचाल होऊ शकत नाही तिचे रूपांतर ताणात होते. हा ताण प्रथम वरच्या लॅकरला बारीक चिरा पाडतो, मग व्हिनियरला, आणि अखेरीस डिंक सोडवून फुगवटे आणतो. कॉव्हेंट्रीच्या हवेसाठी बनविलेली काष्ठसज्जा मुंबई-पुण्याच्या हवेत का अधिक लवकर थकते, याचे उत्तर या हिशेबात आहे. कोकणातील दमट परंतु बरीचशी एकसारखी हवा एक वेळ लाकडाला सोसते. देशावरील टोकाचे चढउतार अधिक त्रासदायक ठरतात.

व्हिनियरची जाडी मिलिमीटरहूनही कमी असते. एकाच ओंडक्यातून लागोपाठ काढलेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी ठेवले की त्यांची नक्षी आरशातील प्रतिमेसारखी जुळते. उत्तम इंग्रजी गाड्यांत एका गाडीचे सर्व भाग अशा जुळत्या पापुद्र्यांतून केले जात, आणि भागांच्या मागील बाजूस अनेकदा एकच क्रमांक आढळतो. उजव्या दाराची पट्टी पाण्याने गेली तर ती दुसऱ्या गाडीतून आणता येते, पण नक्षीचा तो संवाद तुटतो तो तुटतोच. अक्रोड आपल्याकडे दुर्मीळ नाही. युरोपीय अक्रोड व काश्मीरमधील कोरीवकामाचा अक्रोड या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या आहेत. जात जुळली तरी ओंडका जुळत नाही, ही खरी अडचण आहे.

पाणी येते कोठून?

सर्वसाधारण समजूत अशी की रबर चांगले असेल तर दारात पाणी शिरणार नाही. ही समजूत चुकीची आहे आणि लाकडाच्या नाशाचे मोठे कारणही हीच आहे. वर-खाली सरकणारी काच जेथे दाराच्या पोटात उतरते, तेथे तिला दोन्ही बाजूंनी फेल्टची किंवा रबराची पट्टी पुसून घेते. सरकत्या काचेभोवती पूर्ण बंदिस्ती शक्य नसते. पावसाचे काही पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटात जाणारच, असे गृहीत धरूनच दाराची रचना केलेली असते. म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात आणि आतील पत्रा व गादीदार अस्तर यांच्या मध्ये डांबरी किंवा मेणकागदाचा पडदा असतो. दाराचे पोट ही मोटारीतील मोरी आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मोरीत पाणी असणे हा दोष नव्हे. मोरी तुंबणे हा दोष होय.

ती तुंबते कशी, हे पाहण्यासारखे आहे. रंगकामाच्या वेळी छिद्रे रंगाने बुजतात. जुना फेल्ट झडून त्याचा लगदा तळाशी बसतो. कोणी उत्साही मेकॅनिक ‘गंज येऊ नये म्हणून’ दाराच्या तळाला जाड डांबर फासतो आणि निचराच बंद करतो. दुरुस्तीसाठी काढलेला कागदी पडदा फाटका म्हणून फेकून दिला जातो, कारण अस्तराआड तो कोणाला दिसणार नसतो. मग दाराच्या पोटातील ओल बाष्परूपाने वर चढते, गादीचा पुठ्ठा फुगविते, आणि काचेखालच्या लाकडी पट्टीच्या मागील बाजूस पोहोचते.

येथे कथेतील सर्वांत महत्त्वाचा तपशील येतो. लाकडी पट्टीच्या दर्शनी बाजूस पॉलिशचे अनेक थर असतात, मागील बाजूस मात्र पुष्कळदा काहीच नसते. पुढून बंद आणि मागून उघडे असे लाकूड एका अंगाने ओलावा पिते व वाकते. त्यातही पट्टीची दोन टोके सर्वांत नाजूक, कारण तेथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात आणि रेषांच्या दिशेने पाणी फार वेगाने शोषले जाते. दाराच्या कोपऱ्यांजवळ पट्टी प्रथम काळवंडते ती यामुळे. काळेपणाला आणखी एक कारण असते. अक्रोडातील टॅनिन आणि लोखंडी स्क्रूचा गंज यांच्या संयोगातून निळसर काळा डाग तयार होतो. पूर्वी शाई बनविण्याची हीच रीत होती. हा डाग पॉलिशच्या खाली, लाकडातच असल्याने वरून घासून तो जात नाही.

मालकाला दिसते ते एवढेच की पॉलिश खराब झाले. तो पॉलिशवाल्याला बोलावितो. पट्टी काढून चकाकविली जाते आणि त्याच तुंबलेल्या दारावर पुन्हा बसविली जाते. दोन पावसाळ्यांत स्थिती पूर्ववत, आणि प्रत्येक खेपेला पॉलिश पेपरने मिलिमीटरभर जाडीच्या व्हिनियरचा काही अंश कायमचा गेलेला.

जुळणीचा क्रम : प्रथम रबर

वरील विवेचनावरून क्रम आपोआप ठरतो. पत्र्याचे व रंगाचे काम, नंतर काचा व रबर, नंतर पाण्याने परीक्षा, नंतर गालिचे व अस्तर, आणि सर्वांत शेवटी लाकूड. मात्र एक अपवाद करावा लागतो. अखेरच्या रंगापूर्वी सर्व लाकडी भाग एकदा कोरडेच लावून पाहणे आवश्यक असते, कारण पत्र्याची दुरुस्ती करताना चौकटी दोन-तीन मिलिमीटर सरकलेल्या असू शकतात आणि हे नंतर कळले तर रंगविलेल्या पत्र्यात नवी भोके पाडावी लागतात.

दाराची पट्टी बसविण्यापूर्वी दार स्वतः नीट बसलेले असावयास हवे. बिजागऱ्या झिजून दार खाली आले असेल तर जाड पट्टी लावून फट बुजविण्याचा मोह होतो; तो टाळावा. चौकटीच्या खोबणीत थोड्या थोड्या अंतरावर मुलांच्या खेळातल्या चिकणमातीच्या गोळ्या ठेवून दार अलगद लावावे व उघडावे. दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजली की दार आणि चौकट यांतील खरे अंतर ठिकठिकाणी किती आहे हे समजते. हे अंतर सर्वत्र सारखे होईपर्यंत बिजागऱ्या जुळवाव्यात. पोकळ किंवा स्पंजी पट्टी आपल्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने दबेल अशी निवडावी. त्याहून कमी दबली तर पाणी येते. फार दबली तर दार लागत नाही, आपटावे लागते, आणि आपटण्याने काचेखालच्या लाकडाचे सांधे खिळखिळे होतात.

पट्टी बसविताना ती ओढू नये, खोबणीत ढकलत न्यावी. ओढून लावलेले रबर काही दिवसांत मूळ लांबीवर येते आणि कोपऱ्यांत आतल्या बाजूला खेचले जाऊन तेथे फट पडते. शिवाय ताणलेल्या रबरावर ओझोनचा मारा अधिक होतो, हे वर आलेच आहे. जाणते कारागीर पट्टी किंचित लांब कापतात व उरलेला भाग दाबून सामावतात. सांधा दाराच्या खालच्या भागात ठेवणे श्रेयस्कर, म्हणजे तो पुढेमागे उघडलाच तरी पाणी आत न येता खाली गळते. नवी पट्टी लावल्यावर दार काही दिवस जड लागणे स्वाभाविक आहे. कुलपाची पट्टी लगेच मागे सरकविण्यापेक्षा दोन-तीन आठवडे धीर धरावा.

पुढची काच बसविणे हे दोन माणसांचे काम आहे आणि ते पाहणे हा एक आनंद असतो. रबराची चौकट आधी काचेवर चढविली जाते. तिच्या आतील ओठाच्या खोबणीत एक मजबूत गुळगुळीत दोरी फिरवून तिची टोके खाली मध्यभागी वीतभर एकमेकांवर येतील अशी आत सोडली जातात. सगळीकडे साबणाचे पाणी लावून काच बाहेरून चौकटीला टेकविली जाते. बाहेरचा माणूस तळहातांनी दाब देतो, आतला माणूस दोरी काचेशी काटकोनात सावकाश ओढतो, आणि दोरी निघेल तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटून बसतो. दोघांची लय जमली तर काम काही मिनिटांचे आहे. न जमल्यास ओठ फाटतो किंवा काचेला तडा जातो. या कामाच्या वेळी आतील लाकडी पट्ट्या गाडीत नसणे किती गरजेचे आहे हे वेगळे सांगावयास नको. रबर आणि पत्रा यांच्या मध्ये कधीही न सुकणारी लांबी भरावी. बाजारात सहज मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे वापरू नये. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडते आणि उघड्या पत्र्याला गंजविते.

काचा झाल्यावर दारांच्या निचऱ्याकडे वळावे. प्रत्येक छिद्रातून तार घालून ते मोकळे असल्याची खात्री करावी आणि नवा जलरोधक पडदा लावावा. या पडद्याची खालची कड पत्र्यातील फटीतून दाराच्या पोटात सोडलेली असली पाहिजे, म्हणजे त्यावरून ओघळलेले पाणी पुन्हा मोरीतच पडते. ती कड बाहेर राहिली तर तोच पडदा पाणी गोळा करून अस्तरावर आणून सोडतो. सर्व खटाटोप या चार बोटांच्या तपशिलावर अवलंबून असतो, आणि नेमका हाच तपशील घाईत निसटतो.

नंतर लाकूड

लाकडाची दुरुस्ती करताना आधी जुना डिंक व जुने पॉलिश कोणते हे ओळखावे. प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उष्णता व ओलावा मिळताच पुन्हा मऊ होतो. तो वापरलेला असेल तर ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवून व्हिनियरचा फुगवटा बसविता येतो आणि वरून वजन ठेवून गार होऊ देता येते. कृत्रिम रेझिनचा डिंक असेल तर हा उपाय चालत नाही. रेषांच्या दिशेने बारीक छेद घेऊन सुईने नवा डिंक आत सोडावा लागतो. पॉलिशचेही तसेच. लाखेचे पॉलिश स्पिरिटने विरघळते, सेल्युलोजचे लॅकर थिनरने. विरघळवून काढता येणारा थर घासून काढण्यात व्हिनियरचा बळी जातो.

रंगाच्या बाबतीत अक्रोड इतर अनेक लाकडांच्या उलट वागतो. उन्हात तो गडद न होता फिकट, मधाळ होत जातो. क्रोमच्या पट्टीखाली झाकलेला भाग मूळचा गडद राहतो. त्यामुळे नवा तुकडा जोडताना ‘मूळ रंग’ कोणता, साठ वर्षांपूर्वीचा की आजचा, हा प्रश्न कारागिरापुढे खरोखरीच उभा राहतो.

पॉलिशचे काम पावसाळ्यात करू नये. लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि थर दुधाळ दिसू लागतो. ‘पॉलिश पांढरं पडलं’ ही आपल्याकडील प्रत्येक पॉलिशवाल्याची आषाढातील तक्रार असते. हवा कोरडी असताना लाकूड कोरड्या जागी काही आठवडे राहू द्यावे आणि मगच सहाही बाजूंनी, म्हणजे पाठ, कडा, दोन्ही टोके आणि स्क्रूच्या भोकांच्या आतील भागासकट, पातळ थरांनी बंद करावे. पाठीवर आरशासारखी चमक नको, फक्त थर हवा. यामुळे ओलाव्याची ये-जा थांबत नाही, पण मंदावते आणि दोन्ही अंगांनी सारखी होते. वाकण्याचे कारण त्यामुळे बरेचसे नाहीसे होते.

बसविताना लोखंडी स्क्रू न वापरता पितळी वापरावेत. टोकांकडील भोके किंचित लांबट ठेवावीत, म्हणजे लाकडाला हालचालीस वाव राहतो. पट्टी आणि पत्रा यांच्या मध्ये फेल्टची पातळ चकती ठेवल्यास करकर होत नाही. लाकूड जागेवर बसत नसेल तर ते तासू नये. पत्र्याची पट्टी वाकवावी, रबर तपासावे. नव्या रबराची जाडी जुन्याहून अधिक असल्याने दाराची चौकट सूतभर आत आलेली असते आणि दोष लाकडात शोधला जातो, असे अनेकदा घडते.

मूळ राखणे की नवे करणे

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद जतन, संरक्षण व पुनरुज्जीवन यांत भेद करते, वाहनाच्या ऐतिहासिक द्रव्यात कमीत कमी हस्तक्षेप करण्याकडे तिचा कल आहे आणि बदललेले भाग ओळखता यावेत अशी खूण करावी असे ती सुचविते. भारतात जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन प्रथम नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. सांगाडा, बाह्य कवच व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. रबर आणि लाकूड यांचा या अटीत उल्लेख नाही. म्हणजे एखाद्या मालकाने मूळ अक्रोड काढून टाकून तेथे सागवानी व्हिनियरचा चकचकीत संच बसविला, तर कायदा त्याला अडवीत नाही.

रबराच्या बाबतीत मूळपणाचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही. ते झिजण्यासाठीच असते, आणि आकार तोच ठेवून अधिक टिकाऊ द्रव्य वापरणे हे लाकडाच्या रक्षणासाठीच आहे. लाकडाच्या बाबतीत मात्र तडे गेलेला जुना थर, जरासा फिका पडलेला रंग आणि मागे पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक यांना नव्या चकाकीपेक्षा अधिक मोल आहे. एखादी पट्टी पूर्ण कुजली असेल तर ती नवी करावी, पाठीवर वर्ष लिहावे आणि जुनी फेकू नये. तिच्या पाठीवरचे डाग पाणी कोणत्या कोपऱ्यातून आले ते सांगतात.

पाण्याची परीक्षा

लाकूड बसविण्यापूर्वी आणि रबर बसविल्यानंतर ही परीक्षा घ्यावयाची. बागेच्या नळीने मंद धार प्रथम चाकांच्या उंचीवर, मग दाराच्या मध्यावर, मग काचेच्या कडेला आणि शेवटी छतावर अशी खालून वर न्यावी. प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी सर्व सांध्यांवरून एकदमच ओघळते आणि नेमकी गळती कोणती ते कळत नाही. आत बसलेल्या माणसाकडे विजेरी असावी, आणि तळाशी व दारांच्या कडांना कोरडी वर्तमानपत्रे पसरलेली असावीत. दाराखालच्या छिद्रांतून पाणी बाहेर गळताना दिसले पाहिजे. न दिसल्यास रबर कितीही उत्तम असले तरी काम अपुरे आहे. त्यानंतर प्रत्येक दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सगळीकडे सारखाच विरोध जाणवावयास हवा. ज्या ठिकाणी ती सहज निसटते तेथे खडूची खूण करून बिजागरीकडे परत जावे. गाडी दोन दिवस उघड्या दारांनी सुकू द्यावी, मग गालिचे घालावेत, आणि कपाटात कोरडे ठेवलेले लाकडी भाग त्यानंतर बाहेर काढावेत. पहिल्या पावसाळ्यानंतर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, दारांच्या काचांखालची एक पट्टी काढून तिची पाठ हाताने चाचपून पाहावी.